चिंचोक्याची खळ लावलेला मफलर

गेल्या आठवड्यात पहिल्या वर्षाची दोन मुलं वसतिगृहातल्या माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. दुसरा म्हणाला, "दादा, तुम्ही विणकाम शिकवता म्हणे. बुधवारपर्यंत येईल का?"

मी त्यांना आत घेतलं, कॉटवर बसवलं आणि सुया काढल्या. कशासाठी शिकायचंय, हे विचारलं नाही. मला ते माहीत होतं, आणि त्यात थोडा माझाच दोष आहे हेही माहीत होतं. ती गेल्यावर वाटलं, ही गोष्ट एकदा लिहून ठेवावी. विणकामाचे फायदे बरेच सांगतात. मन स्थिर होतं, बोटांना व्यायाम होतो, धीर धरायची सवय लागते. ते खरं असेल. मला झालेला फायदा जरा वेगळा आहे, आणि त्याला फायदा म्हणावं की नाही हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी बारावी होऊन मी अजिंठ्याच्या लेण्यांजवळच्या फर्दापूरहून औरंगाबादला आलो. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. पोलीस ॲक्शननंतर आमच्या भागात शाळा निघाल्या तेव्हा माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, मेंढरांमागं होते. शाळा त्यांच्या चराईच्या वाटेवर नव्हती. त्यामुळे त्यांचा कागदाशी संबंध अंगठ्यापुरता राहिला. मला एसटीत बसवताना ते एवढंच म्हणाले, "वसतिगृहात नंबर लागला तर शीक. नाय लागला तर माघारी ये. मेंढरं हायेतच." यात राग नव्हता, धमकी नव्हती. म्हणून ते जास्त लागलं. शहरात खोली घेऊन राहणं आम्हाला परवडणारं नव्हतं आणि फर्दापूरहून रोज येणं शक्य नव्हतं. वसतिगृह मिळालं तर कॉलेज, नाहीतर मेंढरं, असा सरळ हिशेब होता.

कॉलेजच्या कार्यालयात खिडकीशी वसतिगृहाचे अर्ज मिळत. खिडकीच्या गजाला सुतळीनं एक भरलेला अर्ज बांधलेला होता. त्यावरचं नाव शाईनं खोडलेलं होतं आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'नमुन्याप्रमाणे अर्ज भरावा.' मी आज्ञाधारक मुलगा होतो. नमुन्याप्रमाणे भरा म्हटल्यावर मी नमुन्याप्रमाणे भरला. नाव, गाव, मार्क स्वतःचे लिहायचे एवढं मला कळत होतं. वडिलांचा व्यवसाय लिहिताना अडलो नाही. शेवटी एक रकाना आला: छंद.

इथं माझा हात थांबला. आमच्या घरी कुणाला छंद नव्हता. रिकामा वेळ क्वचित असायचा, आणि तो कुणाच्या हातात दिसला की माय लगेच काहीतरी काम सांगायची. रकाना रिकामा सोडला तर अर्ज अपुरा म्हणून परत येईल, अशी भीती वाटली. मागं रांग होती. मी मान वाकडी करून नमुन्यात बघितलं. तिथं लिहिलं होतं, 'विणकाम व पुष्परचना.' मीही लिहायला घेतलं. माझं अक्षर मोठं असल्यामुळे 'विणकाम' एवढ्यातच रकाना भरला आणि पुष्परचना बाहेर राहिली. माझ्या अक्षरानं माझ्यावर केलेला तो पहिला उपकार.

नमुना कुणा मुलीनं भरलेला असावा, हे मला मुलाखतीच्या दिवशी कळलं. टेबलामागं तिघं बसले होते. दोन सर आणि एक मॅडम. मॅडमच्या खुर्चीला कापडी पिशवी अडकवली होती, तिच्यातून दोन सुयांची टोकं आणि निळी लोकर दिसत होती. त्यांनी माझा अर्ज वाचला आणि चष्मा वर केला.

"छंद, विणकाम?"

"हो, मॅडम."

"सध्या काय विणतोयस?"

"सध्या काही नाही, मॅडम." हे खरं होतं. खरं बोलता आल्याचं मला बरं वाटलं.

"घरात कोण विणतं?"

"वडील," मी म्हणालो.

हे तोंडातून कसं निघालं मला आजही सांगता येणार नाही. मला म्हणायचं होतं की आबा मेंढरांमागं फिरताना टकळीवर लोकरीचं सूत काढतात. पण मी एकच शब्द बोललो आणि उरलेलं वाक्य घशात राहिलं. मॅडमचा चेहरा इतका उजळला की ते बाहेर काढायची हिंमत झाली नाही.

"वडील विणतात आणि मुलगाही! ऐकलंत का, सर?" त्या म्हणाल्या. "पंधरा दिवसांनी, बुधवारी, मला तुझं काम आणून दाखव. तू स्वतः विणलेलं हवं."

शेजारचे सर अर्जाच्या तळाच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "खाली काय छापलंय वाचलंस ना?" मी वाचलं होतं. वरील माहिती खोटी आढळल्यास अर्ज रद्द होईल, असं छापलं होतं आणि त्याखाली माझी सही होती. कॉलेजसाठी केलेली पहिली सही.

बाहेर आल्यावर मी बराच वेळ पायरीवर बसलो. परत आत जाऊन खरं सांगावं, तर अर्ज रद्द. गप्प बसावं, तर बुधवारी रद्द. एकच वाट उरत होती: अर्जात लिहिलेलं बुधवारच्या आत खरं करायचं. खोटं पुसता येत नसेल तर ते खरं करावं, हा विचार मला त्या वेळी फार प्रामाणिक वाटला.

मी तेव्हा उस्मानपुऱ्यात एका घराच्या अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत राहत होतो. नंबर लागेपर्यंतची सोय म्हणून आमच्या गावच्या एका एसटी कंडक्टरनं ती लावून दिली होती. घरमालकिणीला सगळी गल्ली खाला म्हणायची, म्हणून मीही म्हणायचो. खाला रोज दुपारनंतर अंगणात बाजेवर बसून गल्लीतल्या पोरांचे शाळेचे स्वेटर विणायच्या. त्यांचे हात चालायचे आणि डोळे गल्लीत असायचे. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"खाला, मला विणायला शिकवता का?"

खालांचे हात थांबले. "किसकू?"

"मला."

"कायकू? शादी तय हुई क्या तेरी? जहेज में स्वेटर मांगरे क्या लडकीवाले?"

मी सगळं सांगितलं. नमुना, रकाना, मॅडम, बुधवार. खाला इतक्या हसल्या की लोकरीचा गुंडा बाजेवरून पडून मोरीपर्यंत गेला. मग डोळे पुसत म्हणाल्या, "अरे बावा, खाना पकाना लिख देता. खिचडी तो आतीच थी तेरेकू."

हे मला सुचलं नव्हतं.

त्यांनी मला एक खरी सुई आणि तिच्या जोडीला सायकलच्या चाकाची एक तार दिली. दुसरी सुई मोडली होती. जुन्या स्वेटरची उसवलेली लोकर दिली. त्या लोकरीला ऊन आणि टाक्यांना फंदे म्हणायच्या, मीही तेच शिकलो. पहिल्या दिवशी मी वीस फंदे घातले आणि पहिल्या ओळीनंतर चौदा राहिले. दुसऱ्या दिवशी वीसचे सव्वीस झाले. मी इतकं आवळून विणायचो की सुई आत शिरायची नाही.

"ढीला छोड, ढीला! गला घोंटरा क्या उसका?" खाला ओरडायच्या. "ऊन है वो, चोर नहीं. भागके जाती नहीं किधर."

भिंतीपलीकडच्या बायका डोकावून बघायच्या. एक म्हणाली, "खाला, नया शागिर्द? दाढी तो अभी आई नहीं." खाला म्हणाल्या, "आएगी तब तक मफलर पूरा होता." मी मान खाली घालून विणत राहायचो. तिसऱ्या दिवशी एक ओळ वीसला सुरू होऊन वीसलाच संपली. मी ती तीनदा मोजली. बारावीचा निकाल मी एकदाच बघितला होता.

मग लोकरीचा प्रश्न आला. मॅडमना दाखवायचं ते कुणाच्या उसवलेल्या स्वेटरचं नको, असं मला वाटलं. दुकानात विचारून आलो आणि हसू आलं. ज्याच्या घरी तीस मेंढरं, त्यानं लोकर विकत घ्यायची? शनिवारी मी फर्दापूरची एसटी पकडली.

आबा वाड्याशी मेंढरं कोंडत होते. मी सुया आणि अर्धवट तुकडा दाखवून सांगितलं की कॉलेजात एका मॅडमना मफलर विणून दाखवायचाय. नमुन्याचं आणि रकान्याचं सांगायचं मी टाळलं. त्यांनी तुकडा हातात घेऊन ताणला, उजेडात धरला.

"कॉलेजात हे शिकवतेत?"

"नाही. हा छंद आहे."

"म्हंजे?"

"रिकाम्या वेळात करायचं काम."

आबांनी तुकडा माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "हेच करायचं व्हतं तर मी तुला मेंढरांमागंच शिकवलं असतं. एसटीचं भाडं वाचलं असतं."

शेजारचे एक काका तिथंच उभे होते. त्यांना हा विषय आयताच सापडला. "पोरगं शिकाया धाडलं अन् बायकांच्या कामाला लागलं की हो! उद्या पाटा-वरवंटा मागंल."

आबांच्या कमरेला टकळी खोचलेली होती. त्यांनी ती काढून काकांच्या नाकासमोर धरली. "मी बावीस वर्सं सूत काढतो. मी काय लुगडं नेसलोय व्हय?" आणि टकळी परत कमरेला खोचत, "अन् लेण्या बघाया गोऱ्या मडमा येतेत, त्या गाडीत बसून हेच करतेत. त्यांना म्हन की जाऊन. माझ्या पोराला कायला म्हनतो?"

काका गेले. मला आबांचा फार अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी खरं सांगायची शेवटची संधी गेली. आता मी अर्जात खोटं लिहिलेला मुलगा राहिलो नव्हतो. आबा ज्याच्यासाठी गावाशी भांडले तो मुलगा झालो होतो.

"मॅडम म्हंजे बाईमानूस," आबा म्हणाले. "मंग जाडंभरडं सूत चालायचं नाय." त्यांनी कोकरांच्या पहिल्या कातरणीची लोकर ठेवलेली होती. आमच्याकडं ती सगळ्यात मऊ समजतात. रविवारी दिवसभर मेंढरांमागं फिरत त्यांनी त्या लोकरीचं सूत काढलं. इतकं बारीक सूत त्यांना काढताना मी कधी बघितलं नव्हतं. संध्याकाळी मी झोपडीत आलो तर मायनं चुलीवर पातेलं चढवलं होतं आणि त्यात काहीतरी रटरटत होतं.

"हे काय?"

"चिंचोक्याची खळ," माय म्हणाली. "तुझ्या बापानं करायला लावली."

घोंगडीचं सूत खळीत बुडवतात. खळीशिवाय सूत मागावर टिकत नाही, तुटतं. आबांनी जन्मभर घोंगडीवाल्याला सूत दिलं होतं. विणायचं सूत म्हणजे खळीचं सूत, हे त्यांच्या लेखी इतकं उघड होतं की मला विचारायची गरजच नव्हती. आणि मॅडमचं काम असल्यामुळे त्यांनी खळ नेहमीपेक्षा जास्त लावली. खळीचे दोन हात देतात, त्यांनी वर तिसराही दिला. रात्रभर ते सूत चुलीवरच्या दांडीला वाळलं. सोमवारी पहाटे त्यांनी ते माझ्या हातात दिलं तेव्हा ते सनकाडीसारखं ताठ होतं.

"तुटायचं नाय," आबा म्हणाले. "मॅडमचा नातू वापरंल."

उस्मानपुऱ्यात आल्यावर मी ते खालांना दाखवलं. त्यांनी नखानं वाजवून बघितलं. खरंच वाजलं.

"ये ऊन है? इसकू तो बकरी बांधते. गरम पानी में डाल, घंटाभर रख, सब निकल जाता."

"नको," मी म्हणालो.

"कायकू नको?"

"वडिलांनी लावलीय."

खालांनी हातातलं विणकाम बाजूला ठेवलं. मग त्यांनी सायकलची तार परत घेतली आणि स्वतःच्या सुयांची चांगली जोडी माझ्याकडं सरकवली. त्या दिवसापासून त्यांनी माझी थट्टा केली नाही. फंदे सुटले की उचलून द्यायच्या, बस.

त्या सुतानं विणणं म्हणजे काय, ते कसं सांगू? प्रत्येक टाका वळायला नको म्हणायचा. वळवला की सुटायला नको म्हणायचा. बोटांना घट्टे पडले. खळीचा वास, मेंढरांचा वास आणि उकाडा. पावसाळा आला होता पण पाऊस आला नव्हता, आणि मी पत्र्याखाली बसून गळ्यात गुंडाळायची वस्तू विणत होतो. विणताना मन शांत होतं म्हणतात. माझ्या मनात प्रत्येक ओळीला एकच चालू असायचं: बुधवार, वसतिगृह, मेंढरं. सुरुवातीला मफलर वीतभर रुंद होता. मध्ये तो चार बोटांचा झाला, आणि पुढं घाबरून मी टाके वाढवले तेव्हा पुन्हा फुगला. दोन्ही बाजूंना फुगलेला आणि मध्ये बारीक, असा तो डमरूसारखा दिसायला लागला.

बुधवारी सकाळी तो दहा ओळी कमी होता. मी कॉलेजात लवकर जाऊन सूचनाफलकाखालच्या पायरीवर बसलो आणि उरलेलं विणायला लागलो. हळूहळू माझ्याभोवती गर्दी जमली. मुलं वाकायची, पुढं रेटायची, कुणी 'अरे वा' म्हणायचं, कुणी कपाळावर हात मारून जायचं. मला वाटलं सगळं कॉलेज माझं विणकाम बघतंय. मी मान वर केली नाही. शेवटची ओळ बंद केली, दातानं सूत तोडायचा प्रयत्न केला, ते तुटलं नाही, तसंच लोंबतं ठेवून मॅडमच्या खोलीत गेलो.

मी घडी करून आणलेला मफलर टेबलावर ठेवला. तो घडीत राहिला नाही. आपोआप उलगडला, एक टोक वर उचललं गेलं आणि मॅडमकडं तोंड करून तसंच उभं राहिलं. मॅडम थोड्या मागं सरकल्या.

"हा..."

"मफलर, मॅडम."

त्यांनी तो उचलला. दोन्ही हातांनी वाकवून गळ्यात घातला. मला वाटतं तो त्यांचा सभ्यपणा होता. थोड्याच वेळात त्यांच्या मानेवर लाल चट्टे उठायला लागले.

"उबदार आहे," त्या म्हणाल्या.

मी ते चट्टे बघितले आणि मला राहवेना. "मॅडम, काढून ठेवा. आणि मला काहीतरी सांगायचंय. अर्ज भरला तेव्हा मला विणता येत नव्हतं. ते मी नमुन्यातलं उतरवलं होतं."

त्यांनी मफलर काढला नाही. "आणि वडील?"

"ते विणत नाहीत. सूत काढतात. हे सूत त्यांचंच आहे. खळही त्यांचीच. त्यांना यातलं काही माहीत नाही. मी त्यांनाही सांगितलं नाही."

मॅडमनी ड्रॉवरमधून अर्जांचा एक गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला. वरच्या अर्जावर, छंद: विणकाम व पुष्परचना. त्याखालच्यावर तेच. त्याखालच्यावर फक्त पुष्परचना.

"यंदा विणकाम लिहिणारी नऊ मुलं आली," त्या म्हणाल्या. "मी सगळ्यांना आणून दाखवायला सांगितलं. बरीचशी पुन्हा फिरकलीच नाहीत. दोघांनी आईचे स्वेटर आणले. तिसऱ्याच्या स्वेटरला दुकानाची चिठ्ठी तशीच होती. मला वाटलं होतं, एखादा तरी येऊन खरं सांगेल." मग मफलरच्या लोंबत्या सुताकडं बघत म्हणाल्या, "कुणी खरंच विणून आणेल असं मात्र वाटलं नव्हतं."

"मग माझा अर्ज रद्द होईल?"

"छंदाच्या रकान्याला मार्क नसतात रे. बारावीचे टक्के आणि गावाचं अंतर, एवढंच बघतात. यादी सकाळी आठलाच लागली. तू बघितली नाहीस?"

मी त्याच फलकाखाली दीड तास बसून होतो.

मॅडमनी मफलर परत केला. "वडिलांना दे. आणि त्यांना खरं सांग." मी दोन्ही गोष्टी केल्या. ऐकून आबा म्हणाले, "दुसऱ्याच्या मेंढराचं निशाण आपल्या मेंढराला लावायचं नसतं, एवढं तरी ध्यानात ठेव." दोन दिवस ते माझ्याशी फार बोलले नाहीत. मफलर मात्र ते थंडीत रोज डोक्याला बांधतात. तीन हिवाळे झाले, खळ अजून उतरलेली नाही.

त्या दिवशी मी पळत फलकाशी गेलो. आता तिथं कुणी नव्हतं. यादीत खालून तिसरं माझं नाव होतं. मी ते बोटानं दाबून बघितलं. मग प्रवेशाची चिठ्ठी घ्यायला कार्यालयाच्या खिडकीशी गेलो. कारकून साहेब गजाचा जुना नमुना सोडत होते. हाताळून हाताळून तो फाटला होता. त्याच्या जागी ते नवा बांधत होते. अक्षर मोठं होतं. नाव शाईनं खोडलेलं होतं, पण खोडलेल्या शाईखालीसुद्धा मी ते ओळखलं.

"साहेब, हा माझा अर्ज आहे."

"तुझा व्हय? लई स्वच्छ भरलाय. एक रकाना रिकामा नाय. पोरांना दुरून वाचता येतंय."

"यातला छंदाचा रकाना तेवढा खोडता का?"

"का? खोटं लिहिलंय का?"

मी पिशवीतल्या मफलरवर हात ठेवला. तो पिशवीतसुद्धा उभाच होता.

"लिहिलं तेव्हा होतं," मी म्हणालो. "आता नाही."

"मंग राहू दे की," ते म्हणाले आणि त्यांनी सुतळीला गाठ मारली.